मदत हवी आहे: ट्यून केलेल्या टर्बो गाडीसाठी भरवशाचे गेज कोणते?

नमस्कार मंडळी. गाडी टर्बो पेट्रोल, स्टेज १ ट्यून (पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअरने ताकद वाढवलेली). वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा), ऑइल प्रेशर आणि बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) असे तीन गेज बसवायचे आहेत. बूस्टचं फारसं काही नाही, तो ओबीडीवरही (गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टवर) बघता येतो.

खरं अडलंय वाइडबँडवर. फुल थ्रॉटलला एअर-फ्युएल रेशो ११.५ ते १२ ठेवायचा आहे. गेजच अर्ध्या पॉइंटने चुकला, तर त्यावर बेतलेला मॅप (इंजिनच्या इंधन-सेटिंगचा तक्ता) काय कामाचा? एईएम एक्स-सिरीज आणि इनोव्हेट एमटीएक्स-एल प्लस, या दोन्ही गेजांत बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सरच येतो. मग कंट्रोलरमुळे कितीसा फरक पडतो? ॲनालॉग आउटपुटमध्ये ग्राउंडच्या गडबडीने रीडिंग सरकतं, म्हणून कॅन बस (गाडीतली डिजिटल डेटा लाइन) असलेला गेज घेण्याकडे माझा कल आहे. कोणी दोन्ही वापरलेत का? आणि सुटा सेन्सर घेताना नकली कसा ओळखता?

ऑइल प्रेशरचा सेंडर (दाब मोजणारा सेन्सर) सँडविच प्लेटवर (ऑइल फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारी चकती) घ्यावा, की होज टाकून बाजूला? थेट ब्लॉकवर जड सेंडर लावला की व्हायब्रेशनने पितळी फिटिंग तुटतं, त्यामुळे तो मार्ग नको.

'तीन गेज एकात'वाले बिननावाचे स्वस्त सेट कृपया सुचवू नका. स्वतः वर्षभर तरी वापरलेलं असेल तेच सांगा.