नारायण पेठेत नदीजवळ वाड्याचा तळमजला घ्यावा का?

प्रश्न: मुठेकाठच्या जुन्या वाड्यातला तळमजला विकाऊ आहे. एक भाडेकरूही आहे. इसार देण्याआधी काय तपासू?

उत्तर १: आधी पूररेषा. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून. निळीच्या आत नव्या बांधकामाची आशा धरू नका, आणि पुढे पुनर्विकास होईलच असं गृहीत धरून चालू नका. महापालिकेचा झोन दाखला काढा, दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

उत्तर २: मालक बदलला तरी भाडेकरूचा हक्क तसाच राहतो, १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा वाचा. मिळकत पत्रिकेवरचे सगळे वारस ताडून घ्या, ३० वर्षांचा सर्च (नोंदणी झालेल्या जुन्या दस्तांचा शोध) करा. एका बहिणीची सही राहिली तरी दावा उभा राहतो.

उत्तर ३: खांबांची बुडं बघा! सागवान तळखड्याला, म्हणजे खांबाखालच्या दगडाला, टेकतं तिथे दाभण टोचा. सहज रुतला तर लाकूड कुजलंय. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर ओल आत कोंडून वर चढते. तो खरवडून पुन्हा चुनाच लावा, एकास तीन वाळू. आणि खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू असताना मोरीतून पाणी उलटं येतं का, ते शेजाऱ्यांना विचारा.