व्हिक्टोरिया राणीनं पोरावर अन्याय केला का नाही?

सिद्धेश्वरपेठकर:
परवा सोलापुरात सात रस्त्याला चहा पिता पिता विषय निघाला आन् भांडणच लागलं, म्हणून इथं टाकतोय. माझं मत सरळ आहे, बायको म्हणून ती कितीपण चांगली असू दे, आई म्हणून वाईटच. डिसेंबर १८६१ ला तिचा नवरा अल्बर्ट गेला, ४२ वर्षाचा माणूस, डॉक्टर म्हणाले टायफॉइड. राणी म्हणाली थोरल्या पोरामुळं, बर्टीमुळं गेला. का तर पोरगं आयर्लंडच्या लष्करी छावणीत एका नटीच्या नादी लागलं, बापाला कळलं, आजारी असताना केंब्रिजला समजवायला गेला, पावसात भिजला आन् तीन आठवड्याच्या आत खलास. मोठ्या लेकीला पत्रात लिहिलंय की ह्याच्याकडं बघितलं की अंगावर शहारा येतो. सख्ख्या पोराबद्दल! आन् पुढं कितीतरी वर्षं सरकारी कागद त्याच्या हाताला लागू दिले नाहीत, नुसतं उद्घाटनं करत फिर म्हणे.

शेंगाचटणी:
थांब बे जरा. तिचा बाप ती आठ महिन्याची असताना गेला, आई आन् आईचा तो कारभारी कॉनरॉय, दोघांनी तिला जिनासुद्धा एकटीला उतरू दिला नाही. १८ व्या वर्षी गादी, २० व्या वर्षी लग्न, तेपण मागणी हिनंच घातली कारण राणीला कोण विचारणार. जन्मात एक हक्काचा माणूस मिळाला, २१ वर्षं संसार, ९ लेकरं, आन् तो गेला. रोज त्याच्या दाढीचं गरम पाणी ठेवायला लावायची म्हणून लोकं हसतात. माझी आजी आजोबा गेल्यावर त्यांची पानाची चंची रोज भरून ठेवायची, घरात कोणी हसलं नाही. आणि बर्टी काय साधा होता का? १८७० ला दुसऱ्याच्या घटस्फोटाच्या केसमध्ये साक्षीला उभा, १८९१ ला पत्त्याच्या जुगारावरनं परत कोर्टात. ह्याच्या हातात राज्याचे कागद द्यायचे?

चाटीगल्ली:
उलटं बोलालास तू. काम दिलं नाही म्हणूनच तर पत्ते कुटत बसला. आमच्याकडं अशी दुकानं आहेत की म्हातारा ८० चा, पोरगं ५५ चं आन् गल्ल्याची किल्ली अजून म्हाताऱ्याच्या कनवटीला. पोरगं दिवसभर टपरीवर. मग म्हातारा सगळ्यांना सांगतो, बघा, टपरीवरच असतोय, ह्याला काय दुकान द्यायचं. बर्टी १९०१ ला राजा झाला तेव्हा ५९ चा होता. आन् १९०३ ला पॅरिसला गेला तर आधी लोकांनी हुर्यो केली, निघताना जयजयकार, पुढच्या वर्षी फ्रान्सशी करार. बिनकामाचा माणूस असतो का असा?

हुतात्माचौक:
ज्या गावची चार माणसं १९३१ ला येरवड्यात फासावर गेली त्या गावात बसून इंग्रजांच्या घरची भांडणं सोडवालाव? १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून हिला सम्राज्ञी जाहीर केली तेव्हा आपल्या जिल्ह्यात दुष्काळ होता. विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव आहे, त्यांच्यावर बोला की.

सिद्धेश्वरपेठकर:
दुष्काळाचं मान्य, त्यावर वाद नाही. पण अहिल्यादेवी घेतल्या तर माझाच मुद्दा येतोय ना साहेब. १७५४ ला कुंभेरीला नवरे खंडेराव गेले, सासऱ्यांनी सती जाऊ दिलं नाही, उलट कारभारात घातलं. आणि मल्हारराव गेल्यावर सुभेदारी नातवाला, मालेरावांनाच मिळाली. १७६७ ला ते वारले, मग पुढचं बाईंनी एकटीनं ओढलं. वारसाला संधी तरी मिळाली. इकडं बर्टी ४० वर्षं रांगेत.

शेंगाचटणी:
त्याला काय रांगेत मुद्दाम उभं केलं होतं का, आई जगली ८१ वर्षं, त्याला ती काय करणार? आन् कामं तिनं सोडली नव्हती, लोकात जाणं सोडलं होतं, कागदपत्रं रोज बघायची. तुमच्या बर्टीनं मात्र आई गेल्या गेल्या काय केलं बघा, तिच्या लाडक्या नोकराचे, ब्राउनचे पुतळे फोडायला लावले, तिच्या हिंदुस्थानी नोकराच्या, मुन्शी अब्दुल करीमच्या घरातली तिची पत्रं जाळली आन् त्याला हिंदुस्थानला हाकलून दिलं.

चाटीगल्ली:
४० वर्षाचं साठलेलं निघालं, दुसरं काय.

शेंगाचटणी:
साठलं होतं आईवरचं, काढलं मुन्शीवर. त्या बिचाऱ्यानं तर राणीला उर्दू शिकवली होती.