ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंगच्या शब्दसूची एकत्र कराव्यात का?

प्रश्न (मुद्रितवाचक)
नमस्कार. मी एका इंग्रजी त्रैमासिकाचे मुद्रितशोधन लिबरऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. लेखक निरनिराळ्या देशांतले असल्यामुळे कोणाच्या 'कलर'मध्ये 'यू' असतो, तर कोणाच्या नसतो. दर दोन ओळींनी उमटणाऱ्या तांबड्या रेघांना कंटाळून मी अमेरिकी सूचीतले शब्द ब्रिटिश सूचीच्या फाइलमध्ये घातले. रेघा गेल्या खऱ्या, पण मागच्या अंकात एकाच परिच्छेदात 'सेंटर' एकदा 'आर-ई'ने आणि एकदा 'ई-आर'ने संपलेले छापले गेले. हे कसे सांभाळावे? शिवाय 'ऑर्गनाइझ'मधला 'झेड' ब्रिटिश लेखनात चूक मानावा का?

उत्तर (जुनी_फाइल)
सूची एकत्र करणे हीच मुळात चूक झाली. लिबरऑफिसमागे असलेली हनस्पेल ही स्पेलिंग तपासणारी प्रणाली शब्द सूचीत बसतो की नाही, एवढेच पाहते. वरच्या ओळीत तोच शब्द कसा लिहिला आहे, याची तिला गंधवार्ता नसते. म्हणून मूळ सूची पूर्ववत करावी, प्रत्येक लेखाची भाषा आधी ठरवावी आणि अमेरिकी ग्रंथातले अवतरण आले तर तेवढाच मजकूर निवडून त्याला अमेरिकी इंग्रजी लावावी. आपल्याला नको असलेली रूपे अपवाद-शब्दकोश तयार करून त्यात घालता येतात. मग मूळ सूचीला मान्य असलेल्या शब्दाखालीही रेघ येते. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावे लागते.

उत्तर (शब्दवेल्हाळ)
'झेड'बद्दल: ऑक्सफर्डची परंपरा 'ऑर्गनाइझ'मध्ये 'झेड'च लिहिते, कारण तो प्रत्यय ग्रीकमधून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या इंग्रजी नावातही 'झेड' आहे, आणि तरी तिचे बाकीचे लेखन ब्रिटिश वळणाचे असते. म्हणूनच हनस्पेलसाठी ब्रिटिश इंग्रजीच्या 'एस'वाली आणि 'झेड'वाली अशा दोन वेगळ्या सूचीही मिळतात. मात्र सरसकट 'एस'चा 'झेड' करू नये. 'ॲनलाइझ'मध्ये ऑक्सफर्डही 'एस' ठेवते, आणि 'ॲडव्हर्टाइझ', 'सरप्राइझ' यांत तर अमेरिकेतही 'एस'च लिहितात. कॅनडाचा लेखक 'कलर'मध्ये 'यू' ठेवून 'ऑर्गनाइझ'मध्ये 'झेड' लिहील. तो गोंधळ नव्हे, ती तिथली रीतच आहे. ऑस्ट्रेलियात 'लेबर' या शब्दात 'यू' असतो, पण लेबर पक्षाच्या नावात १९१२ पासून नाही.

उत्तर (तिसरे_प्रूफ)
वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. फक्त एक फट राहते. ब्रिटिश लेखनात 'लायसन्स' हे नाम असेल तर शेवटी 'सी-ई' आणि क्रियापद असेल तर 'एस-ई', 'प्रॅक्टिस'चेही तसेच. दोन्ही रूपे सूचीत योग्यच असल्यामुळे उलटसुलट लिहिली तरी रेघ उमटत नाही. अमेरिकी अंकात हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे 'लायसन्स' नेहमी 'एस'ने आणि 'प्रॅक्टिस' नेहमी 'सी'ने लिहितात. ब्रिटिश अंकात मात्र हे दोन शब्द शोधून प्रत्येक जागा मी अजूनही स्वतः वाचून तपासते.