प्लिमथची पाणचक्की

अमेरिकेतल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीत, 1620 मध्ये लोक मेफ्लॉवर जहाजातून उतरल्यापासूनच पाणचक्की होती, असं म्हटलं जातं. तसं नव्हतं. सुरुवातीची अनेक वर्षं मका चक्क उखळात कुटून खाल्ला त्यांनी. तिथल्या जॉन जेनीला टाउन ब्रूक या ओढ्यावर चक्की बांधायची परवानगी मिळाली ती 1636 मध्ये. दळणावळ पैशात नव्हे, धान्यातच कापून घ्यायचे.

मला सगळ्यात जवळची वाटते ती जेनीची बायको, सारा. नवरा गेल्यावर चक्की तिने चालवली. वसाहतीच्या दप्तरात नोंद आहे: तक्रार झाल्यावर तिने दळण सुधारीन, उखळं स्वच्छ ठेवीन, लोकांची मक्याची पोती खराब होऊ देणार नाही, असं कबूल केलं. बिचारी! चक्कीच्या दगडावरच्या खाचा बोथट झाल्या की पीठ भरड पडतं, गरम होतं. दगड उचलून टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने खाचा पुन्हा धारदार कराव्या लागतात, आणि तेवढा वेळ दळण बंद. घरच्या जात्याला टाकी लावून घेतलेली असेल त्यांना हे लगेच कळेल.

मूळ चक्की एकोणिसाव्या शतकात जळाली. आज दिसते ती 1970 ची, पण ओढा तोच, आणि वसंतात हेरिंग मासे अजूनही त्यातून वर चढतात.