ड्रेन नटातून ऑइल गळतंय, अजून आवळू का?

कराडकर: नमस्कार मंडळी. माझी २०१४ ची वॅगनआर आहे. मागच्या महिन्यात ऑइल बदलून आणलं, तेव्हापासून रोज सकाळी गाडी काढली की खालच्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो. रात्री खाली पुठ्ठा सरकवून पाहिला, सकाळपर्यंत आठ थेंब. जॅकवर घेऊन खाली वाकून बघितलं तर चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) ड्रेन नटाला, म्हणजे जो काढून जुनं ऑइल सोडतात त्याला, थेंब लोंबत होता. रिंग पान्याने पाव फेरा आवळला. दोन दिवस बंद, तिसऱ्या दिवशी परत तेच. गॅरेजवाला म्हणतो चेंबरच बदला. शुक्रवारी आईला घेऊन सांगलीला जायचंय, म्हणून जीव खालीवर होतोय. अजून थोडा आवळू का?

जुना पाना: दादा, पाना खाली ठेवा. एसटीच्या दापोडी वर्कशॉपला माझी नोकरी गेली, आवळून आवळून वाट लावलेले नट खूप बघितलेत. ऑइल आटे अडवत नाहीत, नटाखालचा वायसर अडवतो. तांब्याचा असो की अॅल्युमिनियमचा, तो मऊ असतो आणि आवळताना दबून दोन्ही तोंडांवरचे बारीक ओरखडे भरून काढतो. एकदा दबला की त्याचं काम झालं. ऑइल बदललं की वायसर नवा, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. जुन्याच वायसरवर जोर केलात तर अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातील. पत्र्याचं असेल तर आतला वेल्ड केलेला नट हलेल, आणि मग खरंच चेंबर बदलावं लागेल.

त्याआधी ऑइल नटातूनच येतंय ना, ते बघा. फिल्टरपाशी किंवा वरच्या कव्हरच्या पॅकिंगला गळलं तरी ओघळत येऊन थेंब सगळ्यात खालीच लोंबतो. इंजिन गार असताना तो भाग रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसा, कोरडा करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करा. ओली रेघ कुठून सुरू होते ते पावडर दाखवते.

आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली पुन्हा जाऊ नका. खाली स्टँड लावा. हे मी हात जोडून सांगतोय.

पुणे_३८: टेफलॉन टेप गुंडाळा, माझं सहा महिने चाललं.

जुना पाना: नको. टेपचे तुकडे चेंबरमध्ये पडले तर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की इंजिनला ऑइल कमी पडतं. दहा रुपयांच्या वायसरपायी इंजिन पणाला लावायचं नाही.

वर्षा_नाशिक: माझी गाडी मीच खोलते, म्हणून सांगते. ऑइल कोमट असताना काढा, उकळतं हातावर आलं तर भाजतं. नट आधी हाताने पूर्ण बसवा. हाताने फिरत नसेल तर आटा तिरका लागलाय, तिथेच थांबा. मग टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणारा. छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर लागतं, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा. आणि शुक्रवारी निघण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघाच.

कराडकर: काका, ताई, काम झालं! पावडरीत रेघ नटापासूनच सुरू होत होती, वर सगळं कोरडं. मग ऑइल उतरवलं. नटाबरोबर एक वायसर आला, म्हटलं हाच तो. पण चेंबरच्या तोंडावर बोट फिरवलं तर एक कड लागली. नखाने उचकटली, तर आणखी एक वायसर, काळा पडून तिथेच चिकटलेला. म्हणजे जुना न काढता त्याच्यावरच दुसरा चढवला होता! दोन्ही काढले, तोंड पुसलं, आटे शाबूत होते. एकच नवा वायसर घालून नट ३५ वर आवळला. पाच रात्री पुठ्ठा कोरडा आहे. आईला सांगलीला नेऊन आणलं, डिपस्टिकवर ऑइल जिथल्या तिथे. ते दोन्ही वायसर आता गॅरेजवाल्याला दाखवायला नेणार आहे.

जुना पाना: जरूर दाखवा, पण गॅरेजमधल्या ऑइल बदलणाऱ्या पोराला रागावू नका. काढलेला नट हातात घेऊन वायसर सोबत आलाय का ते आधी बघायचं, एवढं त्याला शिकवा.