शनिवारी गच्चीवर ‘द डार्क नाइट’ लावायचा का?

मानसी (बी-३०२): माझं मत ‘द डार्क नाइट’ला. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनचा, २००८चा.

देशपांडे काका (ए-१०१): हाच ना, ज्यात बॅटमॅनचा घसा बसलाय? नातवाने लावला होता. गुळण्या कर म्हणावं त्याला.

रोहित (सी-२०४): 😂 काका, हीथ लेजरने केलेला खलनायक, जोकर, बघा हो! सिनेमा लागायच्या आधीच गेला बिचारा. ऑस्कर घरच्यांनी घेतलं.

मानसी: तीच तर गोची आहे. जोकर दिसला की बाकी सगळं खपून जातं. पार्टीत बॅटमॅनची बालमैत्रीण रेचल खिडकीतून पडते, बॅटमॅन मागोमाग उडी मारतो, दोघं गाडीवर आदळतात. आणि वर पाहुण्यांत उभ्या असलेल्या जोकरचं पुढे काय? सिनेमा सरळ पुढच्या सीनला! सरकारी वकील हार्वी डेंटचं तर फारच वाईट वाटतं. खरी शोकांतिका त्याची. दोन्हीकडे छापाच असलेलं त्याचं नाणं, स्फोटात एक बाजू काळी पडते. काय सुंदर कल्पना! पण १५२ मिनिटांत दरोडा, हाँगकाँग, अख्ख्या शहराच्या मोबाइलवर पाळत, एवढं कोंबलंय की तो सुडाला निघतो तोवर सिनेमा संपत आलेला.

कुलकर्णी काकू (बी-१०३): आणि रेचलला काम काय? बॅटमॅन आणि हार्वी, दोघांच्या मध्ये उभी राहायचं आणि मरायचं.

रोहित: काकू!! माझ्या बायकोने बघितला नाहीये अजून 😭

कुलकर्णी काकू: २००८चा सिनेमा आहे रे.

रोहित: बरं, तो ट्रक? शिकागोच्या रस्त्यावर खराखुरा उलटवलाय, आयमॅक्स कॅमेऱ्यावर, म्हणजे अजस्र पडद्यासाठी.

मानसी: मान्य. पण आपल्या चादरीवर कसला आयमॅक्स! आणि छोटी मंडळी नकोत. तो पेन्सिलचा प्रसंग आहे, रक्त दिसत नाही तरी डोक्यात बसतो. काका, तुम्ही मात्र बोटींसाठी या. एकीत कैदी, दुसरीत साधी माणसं, दोघांकडे समोरची बोट उडवायचं बटण. साधी माणसं चक्क चिठ्ठ्या टाकून मतदान घेतात. बहुमत ‘उडवा’चं, पण बटण दाबायला कोणी तयार नाही.

देशपांडे काका: म्हणजे आपली वार्षिक सभा. लिफ्ट दुरुस्तीला सगळे हो म्हणतात, चेकवर सही करायला कोणी नाही.

सेक्रेटरी: काका 🙏 सातला सुरू करू, दहाच्या आत स्पीकर बंद. खुर्च्या आपापल्या आणा.