आरएक्स-७ च्या १३बी इंजिनाचं फ्लायव्हील टेपरवरून सुटत नाही

सांगलीची_ऑकलंडकर

नमस्कार मंडळी. दोन शनिवार-रविवार गेले, फ्लायव्हील जागचं हललेलं नाही, म्हणून इथं विचारते.

गाडी १९९० ची माझदा आरएक्स-७, इंजिन १३बी टर्बो, म्हणजे पिस्टनऐवजी तीनकोनी रोटर फिरणारं रोटरी इंजिन, गिअरबॉक्स मॅन्युअल. मी ऑकलंडला असते. इथं रोटरीवाली माणसं पुष्कळ भेटतात, पण मी पाना-पकडीची नावं शिकले ती सांगलीत, आप्पांच्या डिझेल पंपाच्या वर्कशॉपमध्ये. त्यामुळे असली अडचण मला मराठीतच नीट सांगता येते.

इंजिनाचं मागचं ऑईल सील गेलंय. ते फ्लायव्हीलच्या, म्हणजे शाफ्टच्या मागच्या टोकावरच्या जड चाकाच्या, आड असतं. इंजिन खाली उतरवून लाकडी पॅलेटला पट्ट्यांनी आवळून बांधलंय, क्लच आणि प्रेशर प्लेट काढून झालीय.

ज्यांनी फक्त पिस्टनची इंजिनं उघडलीत त्यांच्यासाठी सांगते: इथं फ्लायव्हील सहा-आठ बोल्टवर नसतं. शाफ्टचं मागचं टोक टेपर, म्हणजे निमुळतं असतं, त्यावर चावी (फ्लायव्हील शाफ्टवर फिरू नये म्हणून खाचेत बसणारा तुकडा), आणि वरून ५४ मिलिमीटरचा एकच नट. तो नट साधारण ४०० ते ४९० न्यूटन-मीटरनं आवळायचा असतो, शिवाय आट्यांना लॉकटाइट (आटे चिकटवून धरणारा डिंक). म्हणजे एक मीटरच्या पाइपाच्या टोकाला पन्नास किलोचं पोतं टांगल्यासारखा ताण. फ्लायव्हील फिरू नये म्हणून अँगलचा तुकडा बोल्टनं अडकवला, पाऊण इंची टॉमीवर दीड मीटरचा पाइप चढवला आणि सगळं अंग टाकलं तेव्हा नट करकरत सुटला. मला वाटलं, जिंकलो.

नट सुटला, फ्लायव्हील नाही. पितळी हातोड्यानं कडेकडेनं ठोकलं, गंज सोडवायचं तेल सोडून रात्रभर ठेवलं, मागून दोन पहारी घालून उचकटून पाहिलं. केसभर फट पडली नाही. आधीच्या मालकानं इंजिन बांधून घेतलं होतं तेव्हा कुणीतरी ते एअर गननं आवळलं असावं.

आता दोनच गोष्टी सुचतायत: घण किंवा गॅसची ज्योत. दोन्हीची भीती वाटते. या इंजिनाचे भाग मिळवायला मला फार वणवण करावी लागलीय.

तीनकोनी_रोटर

ताई, पहारी आधी बाजूला ठेवा. एका अंगानं उचकटलं की टेपर तिरपा धरतो आणि अजून घट्ट होतो. शिवाय मागचं हाउसिंग बिडाचं आहे, कड उडाली तर जोडता येत नाही.

मी मेलबर्नला असतो, १२ए (माझदाचं आधीचं रोटरी) आणि १३बी मिळून बरीच इंजिनं उघडलीत. घणाबद्दल खरं सांगतो: इथं अर्धी माणसं घणच मारतात. नट दोन-तीन आटे मागे घेऊन ठेवायचा, फ्लायव्हीलवर मध्याजवळ एक जोरदार ठोका द्यायचा, बंदुकीसारखा आवाज होऊन ते सुटतं. मीही केलंय. पण दोन-तीन ठोक्यांत सुटलं नाही तर थांबायचं. शाफ्टच्या पुढच्या टोकाला सुयांची थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टचा पुढे-मागे रेटा झेलणारी) आहेत आणि शाफ्टची पुढे-मागे हालचाल फक्त ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर ठेवलेली असते. तुमचा प्रत्येक ठोका शेवटी तिथं जाऊन पोचतो.

आणि शाफ्ट धरायला म्हणून पुढच्या पुलीचा बोल्ट ढिला करू नका. तो ढिला असताना शाफ्ट मागे सरकला तर आतलं थ्रस्ट बेअरिंग जागेवरून उतरतं, आणि पुन्हा आवळताना चिरडतं. वरून काही कळत नाही. माझं एक इंजिन याच पायी पुन्हा सगळं उघडावं लागलं.

पुलर वापरा, म्हणजे बोल्ट ताणून चाक ओढून काढायचं साधन.

लेथवाला_उद्यमनगर

मी रोटरी इंजिन डोळ्यानं पाहिलेलं नाही, पण कोल्हापुरात तीस वर्षं टेपर काढतोय आणि बसवतोय, तेव्हा तेवढंच बोलतो.

विकतचा तीन पायांचा पुलर इथं चालायचा नाही, पाय सटकतात. २० मिलिमीटरच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटची गोल चकती कापून घ्या. प्रेशर प्लेटचे बोल्ट जिथं बसतात त्या भोकांची आखणी चकतीवर उतरवा, मधोमध २० चा आटा पाडा. बोल्ट हाय टेन्साइल घ्या, आणि ते आट्यात पूर्ण खोल जाऊ द्या. दोन-तीन आट्यांवर ओढलंत तर फ्लायव्हीलचेच आटे निघून हातात येतील. मधला बोल्ट थेट शाफ्टवर टेकवू नका. तुम्ही म्हणताय तसा नट मागे घेतलेला असेल तर त्याच्या पोटात बसेल अशी पितळेची जाड चकती करा, दाब शाफ्टच्या तोंडावर यायला हवा, नटावर नाही.

ज्योत नको. हीट गननं फक्त बॉस, म्हणजे फ्लायव्हीलचा मधला जाड भाग, तापवा, गोल फिरवत. ५० मिलिमीटरचा बॉस धरला तर १०० अंश वाढले की तो ०.०६ मिलिमीटरनं मोठा होतो. टेपरला तेवढं बास होतं. पुलर ताणून ठेवा, तापवा, पाव फेरी ताणा, आणि सोडून द्या. टेपर घाईनं सुटत नाही.

सांगलीची_ऑकलंडकर

सुटलं!

लेथवाल्या काकांच्या सांगण्यावरून चकती कापून आणली. भोकं पाडायला एक पूर्ण संध्याकाळ गेली, कारण एक भोक अर्धा मिलिमीटर चुकलं आणि कानस मारत बसले. काल रात्री पुलर चढवला, वीस मिनिटं हीट गन फिरवली, मधला बोल्ट हाताला दगड लागेपर्यंत ताणला. काही झालं नाही. आणखी पाइप घालावासा फार वाटत होता, पण आप्पा व्हिडिओवर बघत होते, म्हणाले, "राहू दे आता, झोप." दिवा बंद करून घरात आले.

पहाटे साडेचारला गॅरेजमधून धाडकन आवाज आला. मी तशीच अनवाणी पळाले. फ्लायव्हील टेपर सोडून नटावर येऊन टेकलं होतं. नट पूर्ण काढलेला असता तर ते फरशीवर गेलं असतं, माझ्या पायावर नाहीतर कडेचे दाते मोडून.

टेपर पाहिला. शाफ्टच्या अर्ध्या अंगाला तपकिरी पूड, हाताला पिठासारखी लागते, आणि एका बाजूला बोटभर लांब चकचकीत पट्टा. म्हणजे एवढं गच्च असूनही ते पूर्ण टेकलेलं नव्हतं, त्या एका पट्ट्यावरच धरून होतं. चावी शाबूत आहे. सील दगडासारखं कडक झालंय, नखानं टवका उडाला. सीलबरोबर स्टेशनरी गिअरची (इंजिनाला पक्क्या बसवलेल्या गिअरची) ओ-रिंग आणि पायलट बेअरिंगही बदलते.

प्रश्न एवढाच: त्या टेपरला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून घासू का?

लेथवाला_उद्यमनगर

आधी निळा रंग (दोन भाग कुठं टेकतात ते दाखवणारा) लावून बघा. शाफ्टवर पातळ हात द्या, चावी न घालता फ्लायव्हील हलक्या हातानं टेकवा, जरासं फिरवा, काढा. रंग चौफेर उठला तर नुसती पूड पुसून घ्या, पेस्ट नको. तुटक उठला तर बारीक पेस्ट, चार-पाच वेळा अर्धी अर्धी फेरी, पुन्हा रंग. पेस्टचा कण सीलच्या जागी जाता कामा नये, चिंधी गुंडाळून घ्या. जुनं सील घासून होईपर्यंत तिथंच राहू द्या.

तीनकोनी_रोटर

बसवताना टेपर कोरडाठाक हवा, तेलाचा थेंब नको. आट्यांना लॉकटाइट, आणि नट जिथं फ्लायव्हीलला टेकतो तिथं सीलंट. तेल चावीच्या खाचेतूनही झिरपतं आणि माणूस नवीन सीलला दोष देतो.

हलकं फ्लायव्हील घालायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. तुमच्या मूळ फ्लायव्हीलमध्येच मागचं काउंटरवेट (तोल साधणारं वजन) ओतलेलं आहे. बाजारातल्या हलक्याला ते वेगळं घ्यावं लागतं, आणि ते १९८९ नंतरच्या रोटरांच्या वजनाचंच हवं. आधीच्या वर्षांचं बसतं, पण इंजिन थरथरतं.

सांगलीची_ऑकलंडकर

मूळचंच बसवणार आहे. निळा रंग आज आणला. पहिल्या खेपेला उठला तो फक्त मोठ्या व्यासाच्या बाजूला, म्हणून पेस्ट लावली. तिसऱ्या खेपेला चौफेर आला, चावीच्या खाचेच्या डाव्या कडेला नखाएवढी जागा सोडून. फोटो आप्पांना पाठवलाय. शनिवारी नट आवळते.